धुराड्याखालचे घट

आमच्या भजनी मंडळातली आवडाबाई माहेरची देवगाव रंगारीची. तिचे यजमान कडुबा छावणीतल्या एका जुन्या बंगल्याची राखण करतात. बंगल्याचा धनी पुण्याला असतो. मागच्या दोन खोल्या यांना राहायला दिल्यात. कुण्या गोऱ्या साहेबानं आपल्या मुलखातल्या घरासारखा हा बंगला बांधलेला. दारापुढं दगडी खांब, छत इतकं उंच की वरचे झरोके दोरी ओढून उघडायचे, आणि खोलीखोलीत भिंतीत शेकोटीची कमान, तिच्यावर धुराडं. आपल्याकडच्या उन्हात शेकोटी कशाला लागत असेल, देव जाणे. आवडाबाईचं बूड तिथं कधी टेकलं नाही. बोललेलं वर जातं अन् वरच राहतं, म्हणायची. सारखी या खोलीतून त्या खोलीत.

अशाच एका कमानीत तिनं देव मांडले. दगडी कोनाडा, पूजेला बसलं की तोंड पूर्वेला. तिला ते देवघरच वाटलं. यंदा सून मोनिका बाळंतपणाला पाचोडला माहेरी गेलेली. आधीचं एक पोटातच गेलं होतं. म्हणून नवरात्रात घटापाशी अखंड दिवा ठेवीन, असं आवडाबाई देवीला बोलली होती. घट बसले अन् धुराडं ज्योत वर ओढायला लागलं. काच ठेवली तरी फडफड थांबेना. बसलेले घट तर हलवता येत नाहीत. मग बंगल्याची कौलं शाकारणारा चांदपाशा वर चढला, धुराड्यावर पत्रा ठेवून त्यावर दगड ठेवला. ज्योत शांत झाली.

आठव्या माळेला दुपारी मी फुलं घेऊन गेले, तर ही कमानीला कान लावून बसलेली. आत पंख आपटत होते. पत्र्याच्या फटीतून शिरलेली पारवी कोंडली होती. कडुबा म्हणाले, दसरा होऊ दे, मग काढू पत्रा.

"तिकडं सून भरल्या दिवसांची, अन् मी हिला कोंडून मारू?" आवडाबाई म्हणाली. "आत्ता काढा."

दिव्यावरून एक निरांजन पेटवून मी ते पदराआड धरलं अन् पलीकडच्या खोलीत उभी राहिले. तिनं घटावर परात धरली. कडुबांनी वर चढून दगड सरकवला, काजळी ढासळली, मागोमाग वाऱ्याचा झोत आला. दिवा गेला. पारवी उडाली, म्हणून कडुबांनी कौलांवरून सांगितलं अन् पत्रा परत ठेवला.

निरांजनावरून तिनं दिवा लावला. हात काळेभोर, तेल सांडलेलं. ज्योत तीच आहे, आईला कळतं, असं मी म्हटलं. ती उठली, दारापर्यंत गेली, परत येऊन वात सारखी केली, पुन्हा उठली. मोनिकाला फोन लावला, जेवलीस का एवढंच विचारलं अन् ठेवून दिला.

देवळातल्या गुरुजींना विचारू या का, मी म्हटलं.

"नगं," ती म्हणाली. "खंड पडला म्हणाले तर?"