मामाचा शर्ट आणि माझं डोकं

बोईसरच्या एका दुकानात माझं डोकं ड्रेसमध्ये अडकलं होतं आणि ते सोडवायचं की नाही, हे माझा धाकटा भाऊ ठरवत होता.

झालं असं, की माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बंड्या तिचा एकुलता एक मामा, म्हणजे नवरीला हाताला धरून मंडपात त्यानेच आणायचं. बंड्या गतिमंद आहे. (कळतं सगळं, पण आपल्या वेळेने.) त्याचे कपडे कायम मीच घेते, राखाडी नाहीतर बदामी. उगाच कुणाची नजर जायला नको.

घिवलीहून रिक्षाने आम्ही दुकानात पोचलो, तर बंड्याने मोरपंखी शर्ट उचलला. वर सोनेरी बुट्टे!

"ताय, मी मामा हाय. मला ह्योच पायजे."

"नको रे, लोक बघतील."

"मंग बघू दे की. लगीन हाय."

मग मी मोठ्या बहिणीचा आवाज काढला. त्याच्या हातात राखाडी शर्ट कोंबला आणि हळदीसाठी लालभडक ड्रेस घेऊन ट्रायल रूममध्ये शिरले. (माझ्याकडे बघितलेलं चालतं.)

साडी पुन्हा कोण नेसत बसणार, म्हणून ड्रेस साडीवरूनच चढवला. तो खांद्यापर्यंत आला आणि तिथेच मुक्कामाला राहिला. चेन अडकली, हात वर, तोंड आत. चाचपडत पडदा ओढला, तर तो दांडीसकट अंगावर आला.

दुकानातली मुलगी धावत आली. माझं तोंड दिसेना, म्हणून ती दिसत्या माणसाशी बोलली.

"साहेब, या काकू तुमच्याबरोबर आहेत का?"

"माजी ताय हाय. तिला जमत नाय," बंड्या समजुतीने म्हणाला.

"शिवण उसवावी लागेल. उसवू का?"

अगं बाई, मला विचार की, असं मी ओरडले. बाहेर नुसतं 'ऊं ऊं' गेलं.

बंड्याने विचार केला. अगदी सावकाश केला.

"आदी मोरपंखी शर्ट बांदा. मंग उसवा."

आतल्या आत मी जोरजोरात होकाराची मान हलवली.

लग्नात तोच मोरपंखी शर्ट घालून, भाचीचा हात धरून, एकेक पाऊल जपत बंड्या असा ताठ चालत आला, की मला रडूच फुटलं. वरपक्षाची माणसं "या मामा, बसा मामा" करत त्याचा हात सोडेनात. फोटोग्राफर तर त्याच्यावर खूशच.

"मामा, नवरीजवळ मधोमध उभे राहा. आणि त्या रडणाऱ्या काकूंना जरा बाजूला घेता का?"

बंड्याने नवरीच्या आईला हाताला धरलं आणि शेवटच्या रांगेत नेऊन बसवलं.