दातेरी पायडलं

आमचे हे कर्जतला एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते. गावात सायकल आणि कोंडाण्याकडच्या वाड्यांवर औषध पोचवायलाही तीच. पायडलं घ्यायची झाली तेव्हा दुकानदार रबरी गळ्यात मारत होता. "गावात मऊ लागतील हो, पण तिकडच्या चिखलात पाय कोण धरून ठेवणार? तुमचं रबर?" असं म्हणून यांनी दातेरी लोखंडी घेतली. वहाणेचा तळ त्या दात्यांत असा रुतायचा की दगडधोंड्यांतही पाय हलत नसे. वहाणांची मात्र चाळण व्हायची, आणि मी बडबड बडबडायची.

श्रावणात मामंजी गेले. हे एकुलते एक, क्रियेला बसलेले. सुतकात पायात वहाणा घालायच्या नाहीत, असं चुलत सासऱ्यांनी बजावलं होतं. तशात वाडीवरचा एक गडी भिजत दारात आला.

"घरातली बाय तापानं फणफणलीय. दवा द्या, नायतर हाती लागत नाय ती."

"अहो, सुतक आहे," मी म्हटलं.

"ताप काय सुतक बघून येतो?" हे म्हणाले.

अनवाणी पायांनी सायकलवर अंगणात एक चक्कर मारली तर त्या दात्यांनी तळव्यांना रक्त. चुलत सासरे म्हणाले, "मग रबरी बसव. वहाणा नाही म्हणजे नाही. बाप अजून दारातच आहे तुझा." यांनी बापाखातर ऐकलं. दुकानातून रबरी पायडलं बसवून आणली आणि जुनी माझ्या हातात दिली. "तेल लावून ठेव. तेरावं झालं की चढवू."

ओहोळाच्या उतारावर रबरावरून ओला पाय सटकला. डोकं दगडावर आपटलं. वाडीच्या लोकांनी डोलीतून आणलं तेव्हा सगळं संपलं होतं. पुड्या बंडीच्या आतल्या खिशात कोरड्या राहिल्या होत्या; त्या घेऊन ती बाई बरी झाली. होऊ दे बिचारी. तिच्यावर माझा कधीच राग नव्हता.

राग उफाळला तो यांच्या तेराव्याला. दानासाठी चुलत सासऱ्यांनी छत्री आणली, आणि कोऱ्या करकरीत वहाणा. भटजी म्हणाले, "मृताच्या पायांना वाटेत काटे टोचू नयेत म्हणून द्यायच्या."

"मेलेल्याला टोचतं, आणि जित्याला टोचत नव्हतं होय हो काका?"

म्हातारा मान खाली घालून रडायला लागला. मी फडताळातून ती तेल लावलेली पायडलं काढली आणि वहाणांशेजारी ठेवली.

"ही पण द्या. तेरावं झालं की चढवणार होते."