वफ्र्यातून पाहिलेलं कॅथेड्रल

इंग्लंडमधल्या त्या जुन्या शहराचं कॅथेड्रल मी जितक्या बारकाईने पाहिलंय, तितकं ते बांधणाऱ्या गवंड्यांनीही पाहिलं नसेल. फरक एवढाच, की मी ते कुवेतच्या दक्षिण टोकाला, वफ्र्यातल्या काकड्यांच्या ग्रीनहाउसमध्ये, उलट्या क्रेटवर बसून, मोबाइलवर पाहिलं.

याला कारणीभूत आमच्या बिल्डिंगमधले चौथ्या मजल्यावरचे डॉक्टरसाहेब. वयाने मोठे, एकटे राहणारे, बायको पुण्याला. शुक्रवारी दुपारी चहाला त्यांच्याकडे जायचं, हा आमचा बारा वर्षांचा नेम. भिंतीवर त्या कॅथेड्रलचं मोठं थोरलं चित्र. चहाचा पहिला घोट घेतला की डॉक्टरसाहेब त्या चित्राकडे बघत म्हणणार, "आम्ही तिकडे असताना..." आणि मग मनोऱ्याच्या पायऱ्या, तटबंदीवरून शहराला फेरी, नदीतल्या होड्या, एकमेकींवर रेललेल्या लाकडी घरांची गल्ली आणि संध्याकाळचं मुलांचं गाणं. मी शुवैखला स्पेअर पार्ट्सच्या गोदामात हिशेब बघणारा माणूस. माझ्या आयुष्यातला सगळ्यात उंच मनोरा म्हणजे ट्रकच्या टायरांचा. बारा वर्षं ऐकून ऐकून माझ्या पोटात असं दुखायला लागलं, की शेवटी मी तिकडे जायचंच ठरवलं.

ठरवलं ते ठरवलं, वर सगळ्या कुवेतला सांगितलं. शुवैखपासून जहऱ्यापर्यंत असा एक मराठी माणूस उरला नाही, ज्याला माझी विमानाची वेळ पाठ नव्हती. जहऱ्याच्या रस्त्यावर एका उंटाने मान वळवून माझ्याकडे "अजून इथेच?" अशा नजरेने पाहिलं, हे मी शपथेवर सांगतो.

निघायच्या दिवशी सकाळी डॉक्टरसाहेब स्वतः वाटी घेऊन खाली आले आणि आम्हा नवराबायकोच्या हातावर दही घातलं. "त्या मनोऱ्याला माझा नमस्कार सांग रे," म्हणाले. विमान संध्याकाळचं होतं आणि व्हिसा लागलेले पासपोर्ट दुपारी हातात पडायचे होते. दुपारी नुसता निरोप आला. अर्ज अजून विचारात आहे, कळवू.

बायको शांतपणे म्हणाली, "वर जाऊन सांगून या, जाणं पुढे ढकललं म्हणून."

"अगं, दही खाल्लंय मी!"

"मग काय झालं? साखर घातलेलं दही होतं ते, प्रतिज्ञापत्र नव्हतं."

पण हातावर दही पडलेला माणूस घरात थांबतो कसा? वफ्र्याला माझा एक शाळासोबती शेतावर सुपरवायझर आहे. त्याला फोन केला. संध्याकाळी अख्ख्या बिल्डिंगदेखत दोन बॅगा टॅक्सीत चढल्या, गॅलऱ्यांतून हात हलले, आणि टॅक्सी विमानतळाचं वळण चुकवून सरळ दक्षिणेला गेली.

आठ दिवस आम्ही त्याच्या खोलीवर राहिलो. बायको खजुराच्या सावलीत बसून विणायची. मी मात्र कसून अभ्यास केला. त्या शहराचा एकेक व्हिडिओ इतक्यांदा पाहिला, की कुठल्या गल्लीत कुठला दगड सैल आहे हे मला कळायला लागलं. मनोऱ्याच्या पायऱ्या मोजून खरोखर धाप लागली. ती धाप ग्रीनहाउसमधल्या उकाड्याची, असं बायकोचं म्हणणं.

आठव्या दिवशी परतलो. वाटेत सुपरमार्केटमधून इंग्लिश बिस्किटांचे डबे घेतले आणि त्यांच्या बुडाची अरबी लेबलं नखाने खरवडून काढली. आरशात पाहिलं तर इंग्लंडहून आलेला माणूस डांबरासारखा काळा पडलेला! हारिसने, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या राखणदाराने, विचारलंच, "साब, उधर इतना धूप?" मी म्हटलं, "इस साल बहुत है."

हारिसला फसवणं सोपं, डॉक्टरसाहेबांना कसं फसवणार? ते तिथे राहून आलेले. एक उलटा प्रश्न आणि माझी बारा वर्षांची अब्रू मातीत. मी लिफ्ट सोडून जिन्याने यायला लागलो. पण गंमत म्हणजे तेही मला टाळत होते. पार्किंगमध्ये मला पाहिलं आणि चक्क खांबाआड झाले! झालं, यांना कळलंय, म्हणून मी दोन दिवस जेवलो नाही. म्हणजे दोनच चपात्या खाल्ल्या.

बायकोने तिसऱ्या दिवशी जाहीर केलं, "येत्या शुक्रवारी डॉक्टरांना जेवायला बोलावलंय. तुम्ही खरं सांगा. नाही सांगितलंत तर आमटी वाढता वाढता मी सांगणार. त्यांच्या दह्याचं खोटं मला पचत नाही."

शुक्रवार उजाडला. डॉक्टरसाहेब आले ते खाली मान घालून. पानावर बसले. बायको हातात आमटीचं भांडं घेऊन माझ्याकडे बघत उभी. मी तोंड उघडणार, एवढ्यात त्यांनीच विचारलं, "मग? कॅथेड्रलच्या आत... काय काय पाहिलंस?"

घाबरलेल्या माणसाची जीभ स्वतःच्या मर्जीने चालते. माझी म्हणाली, "सगळं पाहिलं. पण ती मांजर काही विसरता येत नाही बघा."

कुठली मांजर? एकाही व्हिडिओत मांजर नव्हती. ती त्या क्षणी माझ्या तोंडात जन्माला आली होती.

डॉक्टरसाहेबांनी मान वर केली. मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बिशपच्या थडग्यावर बसते ती ना? अरे, तिच्या आजीला मी स्वतः दूध पाजलंय!"

मी त्यांच्याकडे पाहिलं. हळूच म्हटलं, "गळ्यात घंटा असते."

"पितळी," ते म्हणाले. "गाणं सुरू झालं की वाजवते."

"आणि पाय तीनच."

"घराण्यातच आहे ते," डॉक्टरसाहेब ठामपणे म्हणाले.

बायकोने भांडं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून इतकी हसली, की आमटीवर साय धरली. "डॉक्टरसाहेब," ती म्हणाली, "हे वफ्र्याला होते हो. काकड्यांत!" आणि तिने दह्यापासून लेबलांपर्यंत सगळं सांगून टाकलं.

 डॉक्टरसाहेब भाताची मूद बोटाने फोडत म्हणाले, "मी परीक्षेसाठी तीन महिने होतो इंग्लंडात. दुसऱ्या गावी. आगगाडी त्या शहरावरून जायची, खिडकीतून मनोरा दिसायचा. ठरवलं होतं, पास झालो की उतरायचं. दोनदा परीक्षा दिली, दोन्ही वेळा नापास झालो. येताना तिथल्या एका कॅलेंडरचं पान तेवढं घेऊन आलो, तेच भिंतीवर आहे." मग म्हणाले, "मला वाटलं, तू खराच जाऊन आलास, आता सगळ्यांना सांगशील, डॉक्टर म्हणतात तसं तिथे काही नाही. आठवडाभर मी स्वतःचंच बीपी तपासतोय रे."

मी असा निःश्वास सोडला, की समोरचे पापड उडाले. माझ्या डोक्यावरून ट्रकच्या टायरांचा अख्खा मनोरा कुणीतरी उतरवून घेतला होता. त्यांच्याही डोक्यावरचा उतरला असावा. त्यांनी तीन वेळा आमटी मागून घेतली. पुढे बिस्किटांचा डबा उघडला, तर झाकणाच्या आत एक अरबी लेबल राहिलंच होतं. त्यांनी ते नखाने काढून माझ्या कपाळावर चिकटवलं.

पुढच्या महिन्यात आमचे व्हिसे आले. आमच्याबरोबर यायचं म्हणून डॉक्टरसाहेबांनीही अर्ज केला होता, मागून त्यांचाही आला. निघायच्या सकाळी ते दह्याची वाटी घेऊन खाली आले. बायकोने दारातच वाटी काढून घेतली.

"आधी पासपोर्ट," ती म्हणाली.

आम्ही दोघांनी ते उघडून, व्हिसाच्या पानावर बोट ठेवून दाखवले. तिने चष्मा लावून वाचले, तारखा पाहिल्या, आणि मग तिघांच्या हातावर दही पडलं.