तात्यांचं फक्कीचं ग्रंथालय

न बांधलेल्या इमारतीत चपला घालून शिरलेल्या माणसाला परत बाहेर पाठवणारा गृहस्थ अख्ख्या पुणे जिल्ह्यात एकच, आणि नेमके तेच माझे सासरे. तात्यांची उभी हयात एसटीच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसून गेली. निवृत्तीनंतर त्यांनी आमचं धम्म महाविद्यालय अंगावर घेतलं. बारामतीत ते भाड्याच्या दोन खोल्यांत चालायचं. मालकानं जागा रिकामी करायला सांगितली, तेव्हा ते आमच्या कळसच्या माळावर न्यायचं ठरलं. जमीन दानात मिळाली होती, बांधकामाला निधी हवा होता.

पावतीपुस्तक घेऊन दारोदार हिंडणं तात्यांना नामंजूर. "आधी बगू द्या, मग देऊ द्या," म्हणत त्यांनी खेळाच्या मैदानावर मारतात त्या पांढऱ्या फक्कीनं माळावर सगळा नकाशा आखला. वर्ग, ग्रंथालय, अगदी दारंसुद्धा! देणगीदाराला मोटारसायकलवर घालून आणायचे, खोलीखोलीतून फिरवायचे आणि ग्रंथालयात शिरताच आवाज हळू करायचे. शेळ्यांनी भिंत तुडवली की सकाळी पुन्हा आखायचे. खिडकीच्या जागेशी एक छोटा चौकोन होता. "ही माजी जागा, पाव्हणं. शाळा सातवीत सुटली. आता हितं बसून पाली शिकणार."

एकदा अंथुर्ण्याचे एक मोठे डाळिंब बागायतदार आले आणि सरळ रेघ ओलांडून वर्गात उभे राहिले. तात्या कडाडले, "भितीतनं काय येताय राव? दार तिकडं हाय! आन् चपला भाईर!" पाहुणे तडक निघून गेले. मी कपाळाला हात लावला.

"तात्या, गेली देणगी."

"जाऊ द्या. ज्याला भित दिसत न्हाय, त्यो विटा कशापायी दील?"

आठवड्यानं तेच गृहस्थ बायकोला घेऊन आले. चपला बाहेर काढून, दारातून. सगळ्या वर्गांच्या विटा त्यांनी दिल्या.

वर्ग उभे राहिले, मुलं आली. ग्रंथालयापाशी येऊन मात्र निधी संपला, आणि तात्यांचे गुडघेही. बारामतीहून येणं आता त्यांना जमत नाही. रोज सकाळी फोन येतो, "पाव्हणं, भित आखली का?" एके काळी या फक्कीला सगळ्यांत जास्त हसलो असेन तो मी. आता पिशवी घेऊन रोज जातो. काल घाईत होतो. मुलं अजून यायची होती, माळावर चिटपाखरू नव्हतं, म्हणून भिंत ओलांडायला पाय उचलला, आणि मलाच लाज वाटली. वळसा घालून दारापाशी गेलो, चपला काढल्या आणि आधी खिडकीजवळचा चौकोन आखला.