मागच्या सीटवरची झोप

मास्तरीणबाईंनी उद्यानखात्याच्या मोठ्या साहेबांना रेसच्या ट्रॅकवर असं काही गरगरा फिरवलं, की साहेब ओकले आणि घाबरून त्यांनी ट्रॅकचं नूतनीकरणच गुंडाळून ठेवलं. ही बातमी भाजीवाल्यापासून न्हाव्यापर्यंत एका सकाळीत पोचली. तिचा उगम शोधायला लांब जायला नको. बाईंची थोरली नणंद त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते, आणि तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

यात खरं एवढंच, की साहेब ओकले. बाकीचं सगळं नणंदेच्या पदरचं. गाडी बाई चालवत नव्हत्या, साहेबच चालवत होते. वेग असा, की बाबागाडी ढकलत चाललेली एक बाई त्यांना मागे टाकून गेली. आणि पोट ढवळलं ते क्लचच्या गचक्यांनी. नूतनीकरणाचं म्हणाल, तर ते व्हावं म्हणून बाईच साहेबांपेक्षा जास्त उतावीळ होत्या. ट्रॅकवरच्या खड्ड्यांची नावं त्यांना भावंडांसारखी पाठ होती.

मास्तरीणबाई शाळेतल्या नव्हेत, मोटार शिकवणाऱ्या. तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या, छापखान्यातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, आणि खिडकीखाली उभी असलेली सायीच्या रंगाची जुनी गाडी. गाडीला ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी, एक बाईंच्या. गाडीच्या अंगावरचा एकेक पोचा म्हणजे एकेक विद्यार्थी. "हा दंतवैद्याचा," बाई हात फिरवून सांगायच्या, "हा पोस्टातल्या बाईंचा. आणि हा लांबलचक ओरखडा आमच्या ह्यांचा. गाडी उभी असताना काढला." यजमान पेपरामागून म्हणायचे, "उभी असतानाच काढणं अवघड असतं."

त्यांचा वर्ग भरायचा सार्वजनिक उद्यानात, रेसच्या ट्रॅकवर. ट्रॅक म्हणजे तळ्याला आणि रोपवाटिकेला वळसा घालून जाणारा उद्यानातलाच रुंद रस्ता. वर्षातले मोजके दिवस तिथे रेसच्या गाड्या कानठळ्या बसवत धावायच्या, वळणावळणावर जुन्या टायरांच्या भिंती उभ्या राहायच्या, पत्र्याचे स्टँड माणसांनी भरायचे. एरवी सगळा सुकाळ शांततेचा. रेसच्या गाड्या दुरुस्त करायच्या पिटच्या खोल्यांची शटरं गंजलेली, निशाणवाल्याच्या मनोऱ्यात कबुतरं, आणि रस्त्यावर फिरायला येणारे म्हातारे, सायकली, बाबागाड्या. त्यांच्यामधून बाईंची गाडी मुंगीच्या पावलांनी जायची. शहरात शिकाऊ माणसाला घेऊन ट्रकच्या तोंडी जायचं, की इथे कबुतरांच्या साक्षीने चुकायचं, हा प्रश्नच नव्हता. हा ट्रॅक गेला, तर बाईंचा वर्गही गेला.

बाईंची शेवटची परीक्षा मात्र ट्रॅकवर होत नसे. त्या दिवशी शिकणाऱ्याने एकट्याने पुढे बसायचं, फाटकातून बाहेर पडून भर रहदारीतून बाईंना घरापर्यंत सोडायचं. आणि बाई बसणार मागच्या सीटवर, जिथे पायाशी ब्रेक नाही. एक अक्षर बोलायच्या नाहीत. घर येईपर्यंत त्यांचा डोळा लागला, तर माणूस पास. नाही लागला, तर पुन्हा ट्रॅकवर. सरकारी परवाना सरकार देतं, पण गावात लोक विचारायचे, "बाई झोपल्या का?" यजमान इतकी वर्षं प्रयत्न करून त्यांना झोपवू शकले नव्हते. "रात्री लगेच झोपते," ते कुरकुरायचे, "मी गाडीत बसलो की हिला जाग येते."

अशात ट्रॅकचा कायापालट ठरला. नवे पिट, नवे स्टँड, गुळगुळीत डांबर. बाईंनी टाळ्याच वाजवल्या. मग नकाशा उद्यानाच्या फाटकाशी लागला, आणि त्यात ट्रॅकभोवती उंच तारेचं कुंपण दिसलं. बारा महिने बंद, रेसवाल्यांखेरीज कोणी आत नाही. कारण सुरक्षितता. हरकती ऐकायला सभा ठरली, आणि सभेचे अध्यक्ष होते उद्यानखात्याचे मोठे साहेब.

हेच साहेब एका पहाटे डोळ्यांवर टोपी ओढून बाईंच्या गाडीशी येऊन उभे राहिले.

"मला शिकवाल का?" त्यांनी हळूच विचारलं.

"तुम्हाला? अहो, रेसचा ट्रॅक तुमच्या टेबलावर, आणि तुम्हाला गाडी येत नाही?"

"हळू बोला. लहानपणी घरात गाडी नव्हती. नोकरीत लागलो तेव्हापासून ड्रायव्हर आहे. आता निवृत्ती आली. गाडीही जाईल, ड्रायव्हरही जाईल. बायको म्हणते, रिक्षाला हात करायला तरी शिका."

बाई हसल्या नाहीत. घाबरलेल्या माणसाला त्या पहिल्या दिवशी कधीच हसत नसत, दुसऱ्या दिवसापासून हसत. पहिल्या दिवशी साहेब ओकले. दुसऱ्या दिवशी रोपवाटिकेच्या वळणावर गाडी सात वेळा बंद पडली तेव्हा बाई म्हणाल्या, "साहेब, क्लच म्हणजे फाईल नव्हे. एकदम सोडायचा नाही, आणि दाबूनही ठेवायचा नाही." साहेब इतके हसले, की गाडी आठव्यांदा बंद पडली.

शिकवताना बाईंनी कुंपणाचा विषय एकदाही काढला नाही. खड्डे मात्र एकेक करून दाखवले. "हा बुजवा. इथे पाणी साचतं, उतार द्या. आणि तो मनोरा पाडू नका, नुसता रंगवा." साहेब मान डोलवायचे, आणि मान डोलवताना गाडी डावीकडे जायची.

नणंदेला हे मौन सोसवेना. अडला हरी स्वतःच्या पायांनी दारात आलाय, आणि वहिनी त्याला गिअर शिकवत बसलीय! "अगं, बोल ना त्याला! रोज तासभर गाडीत तुझ्या ताब्यात असतो."

"वन्सं, गाडीत मी फक्त गाडीचं बोलते."

"मग निदान पास तरी कर पटकन. खूश होईल तरी."

हे बाईंच्याही मनात येऊन गेलं होतं.

सभेच्या आदल्या दिवशी साहेब म्हणाले, "आज परीक्षा घ्या. उद्या सभा आहे, डोक्यावरचं एक ओझं तरी उतरेल." बोलले ते सरळ मनाने. पण ऐकणाऱ्याच्या मनाला काय, वाकडे रस्तेही दिसतात.

बाई मागे बसल्या. गाडी फाटकातून बाहेर पडली. पहिला चौक साहेबांनी झकास पार केला, आणि बाईंनी मान सीटला टेकवली. सोपं तर होतं. डोळे मिटायचे, मान कलती करायची, बारीकसं घोरायचं, झालं. माणूस खूश, उद्या अध्यक्षाच्या खुर्चीतला चेहरा हसरा, वर्ग शाबूत. घोरणं खरं की खोटं, कोण तपासायला येतंय? बाईंनी डोळे मिटले. दवाखान्याच्या कोपऱ्यावर गाडी वळली. कोणीतरी घंटी वाजवली, साहेबांनी आरशात पाहिलं, पण उजव्याच. डावीकडून एक सायकलवाला चाटून गेला. डोळे मिटलेलेच होते, तरी बाईंचा उजवा पाय मागच्या सीटखालच्या रिकाम्या पत्र्यावर असा दाबला गेला, की चपलेचा अंगठा तुटला.

दारात गाडी थांबली. साहेब उजळलेल्या चेहऱ्याने मागे वळले. "झोपलात! आरशात पाहिलं मी, तुमचे डोळे मिटले होते."

"डोळे माझं ऐकतात, साहेब. पाय ऐकत नाही. नापास."

साहेबांचा चेहरा उतरला. किल्ली त्यांनी बाईंच्या हातात ठेवली आणि चालत घरी गेले.

वरच्या गॅलरीतून नणंदेने सगळं ऐकलंच होतं. ती दोन दोन पायऱ्या गाळत खाली आली. "वहिनी! डोळे मिटून पडून राहायला तुझं काय जात होतं गं?"

"दवाखान्याच्या कोपऱ्यावर रोज रस्ता कोण ओलांडतं?"

"मी ओलांडते. का?"

"तुमच्यासाठीच जागी राहिले."

नणंद एकेक पायरी मोजत वर गेली. यजमान चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवत म्हणाले, "उद्या काय होईल?"

"उद्या सभा होईल," बाई म्हणाल्या, आणि जेवून स्वस्थ झोपल्या. निदान यजमान तसं सांगतात.

सभा भरली जुन्या स्टँडखालच्या हॉलमध्ये. भिंतीवर नकाशा, समोर समितीच्या खुर्च्या, मधोमध साहेब. त्यांनी बाईंकडे पाहिलंसुद्धा नाही. रेसक्लबचे सेक्रेटरीही समितीत होते, ते उठले. भला माणूस, पण वेगाखेरीज जगात काही चांगलं आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. "हा रेसचा ट्रॅक आहे," ते म्हणाले. "मास्तरीणबाईंबद्दल आदर आहे, पण त्यांच्या गाडीपेक्षा आमच्या ट्रॅकवरचं गवत जोरात वाढतं."

हॉल हसला. बाई उठल्या. "सेक्रेटरीसाहेब, रस्त्यावर गवत उगवतं, म्हणजे तुमच्या गाड्या वर्षातून किती फिरतात ते तुम्हीच सांगितलंत. नवं करा हो सगळं! मलाच जास्त आनंद. रेसच्या दिवशी कुंपण लावा, कुलूप लावा, मी घरी बसून आवाज ऐकीन. पण उरलेलं वर्ष कुंपणाला फाटक असू द्या, आणि ते उघडं असू द्या. बाग सगळ्यांची आहे. आणि तुमचे रेसवाले काही आईच्या पोटातून गिअर टाकत येत नाहीत. कुणीतरी, कुठेतरी, आधी हळू चालवलेलं असतं."

"भावना समजतात," सेक्रेटरी म्हणाले, "पण धोका कोण पत्करणार? बाईंच्या हातून कच्चे चालक सुटत नाहीत, याची खात्री कोण देणार?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला, तोंडाला न लावता तसाच खाली ठेवला, आणि उभे राहिले. "मी देतो. काल त्यांनी मला नापास केलं."

बाईंनी साहेबांना गरगरा फिरवलं एवढंच गावाने ऐकलं होतं, साहेब शिकत होते हे नाही, त्यामुळे आधी कुणाला काही कळेना. मग साहेबांनी सगळं सांगितलं. टोपी, क्लच, ओकारी, डावा आरसा. "आज मी या खुर्चीत बसणार, हे त्यांना माहीत होतं. तरी नापास केलं. यापेक्षा मोठी खात्री मला देता येत नाही. पण मी त्यांचा विद्यार्थी, म्हणून मत मी देणार नाही. समितीने ठरवावं." आणि ते खुर्ची सोडून प्रेक्षकांत येऊन बसले.

समितीतल्या डॉक्टरीणबाईंनी लगेच हात वर केला. "मला बाईंनी तीनदा नापास केलं होतं. तेव्हा फार राग आला. आज रात्री-अपरात्री दवाखान्यात एकटी गाडी घेऊन जाते." त्यांच्यामागे एकेक हात वर गेला. सेक्रेटरींचा हात वर जायला वेळ लागला, पण गेला. वर "डांबर मात्र आमच्या मापाचं हवं" असं म्हणून त्यांनी आपला मानही राखला. कुंपण होणार, पण त्याला फाटकं होणार, आणि रेसचे दिवस सोडून ती उघडी राहणार, असं त्याच बैठकीत पक्कं झालं.

आता पिट नवे झालेत, मनोरा रंगवलाय, डांबरावर आरशासारखी चमक आहे. साहेब निवृत्त झाले, आणि रोज सकाळी टोपी न घालता शिकायला येतात. डावा आरसा जमलाय, उलटी गाडी घेणं अजून जमत नाही.

नणंदेच्या जिभेला मात्र नवं खाद्य मिळालं. परवा वाण्याच्या दुकानात चांगली गर्दी बघून तिने सुरू केलं, "डोकं बघा आमच्या वहिनीचं! मुद्दाम नापास केलं त्यांना. पास केलं असतं, तर ते भर सभेत उठून कशाला बोलले असते? सगळा डाव आधीपासून ठरलेला!" वाणी तराजू धरून थांबला. गर्दीच्या मागे पिशवी घेऊन बाई उभ्याच होत्या. सगळ्यांनी वळून पाहिलं.

बाई म्हणाल्या, "मुद्दाम नापास करायला आधी माणूस पास होण्याजोगा तर हवा ना, वन्सं!"