नवा खुबा आणि बायकांची सायकल

माणसाचं ऑपरेशन एकदाच होतं, त्याचे किस्से मात्र वर्षभर होत राहतात. टाके निघतात, जखम भरते, किस्से तेवढे वाढत जातात. माझा डावा खुबा बदलला त्याला आता वर्ष होत आलं. खुबा दुखायचा थांबला. लोक थांबले नाहीत.

मी मराठी शाळेतला मास्तर. आमचं गाव तेलंगणात, आदिलाबादकडच्या गुडीहत्नूर मंडलात, हायवेपासून आत. रोज सकाळी आम्ही तिघं सायकली काढून हायवेवरच्या हॉटेलपर्यंत जायचो, चहा प्यायचो, एकमेकांची उणीदुणी काढायचो आणि परत यायचो. एक मी. दुसरा दत्ता, कापूस-ज्वारी पिकवणारा, माझ्याच वयाचा, शाळेत माझ्याच वर्गात होता. तिसरे माधवराव, तहसील कचेरीतून रिटायर झालेले. निजाम गेला, पण माधवरावांच्या तोंडातून गेला नाही. त्यांना साधा चहा हवा असला तरी ते दरखास्त करतात.

खुबा झिजला आणि माझी सायकल बंद झाली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना मी एकच प्रश्न विचारला होता, सायकल कधी? ते म्हणाले, तीन महिन्यांनी बघू. बाकी लोक देवाचं नाव घेत ऑपरेशनला जातात, मी तो शब्द धरून गेलो.

* * *

आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना बिस्किटाचा पुडा न्यायचा असा कायदाच आहे. माझ्या घरी इतके पुडे जमले, की माझी बायको सुमन तेच पुडे घेऊन गावातल्या बाकी आजाऱ्यांना भेटून आली. त्यातला एक पुडा फिरून परत माझ्याकडे आला. कोपरा चेपलेला होता म्हणून तिने ओळखला.

दत्ताची आईही पुडा घेऊन आली. खाटेशेजारी बसली, माझ्या पायाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "जुनं हाड काढलं म्हनतेत. मंग नवं कोनाचं बसवलं?"

"कोनाचं नाही काकू. कारखान्यात बनते ते."

"मानसाचं नाही ना?"

"नाही."

"बरं झालं बापा. आजकाल कोनाचं कोनाले बसवतीन, नेम नाही."

मी लहान असताना या काकूंच्या घरी माझ्यासाठी वेगळा कप असायचा, बाहेरच्या कोनाड्यात. मी तो विसरलेलो नाही. म्हणून विचारलं, "काऊन काकू? दुसऱ्याचं बसवलं असतं तं?"

"तुह्यं नाही रे, तुले चाललं असतं. पन उद्या आमच्या दत्तावर पाळी आली तं? इचारून ठेवलेलं बरं." मग जरा थांबून म्हणाली, "कारखान्यात कोन बनवते?"

"सगळेच बनवतेत काकू. कारखान्यात कोन कोनाले इचारते?"

काकूंचा चेहरा पडला. पुष्कळ विचार करून त्या म्हणाल्या, "बसवाच्या आधी धूत असतीन ना?"

"धुतात. औषधानं."

त्यांना हायसं वाटलं. आमच्या घरचा चहा त्यांनी बशीत ओतून, फुंकून, चवीने प्यायला. वर अजून अर्धा कप मागितला.

* * *

नव्या खुब्याला उकिडवं बसायची मनाई. आमच्या घरचा संडास जुन्या पद्धतीचा. म्हणून सुमनच्या भावाने आदिलाबादहून एक खुर्ची आणून दिली. स्टीलचे पाय, दोन्ही बाजूंना हात, निळी बैठक आणि बैठकीवर झाकण. सुमन ती रोज फिनाइलने धुऊन व्हरांड्यात उन्हात ठेवायची.

एके दिवशी माधवराव आले आणि थेट तिच्यावर बसले. मला आतल्या खाटेवरून सगळं दिसत होतं. हसू आलं तर टाके ताणले जातील म्हणून मी उशी पोटाशी धरली. माधवराव दोन्ही हात टेकवून असे बसले होते, की समोर कोणी दरखास्त घेऊन उभा असावा. सुमन चहा घेऊन बाहेर गेली, पाहिलं, तशीच आत आली, चेहरा धुतला आणि पुन्हा गेली.

"मास्तर," माधवराव बाहेरूनच म्हणाले, "खुर्ची जबरदस्त हाय. आमच्या कचेरीत सायबाले बी अशी नोती. तुमचं काम झालं का आमाले द्या."

"द्याले काई हरकत नाही," सुमन म्हणाली. "पन रोज धुवा लागते."

"खुर्ची काऊन धुवा लागते?"

कप खाली ठेवून सुमन आत पळाली. माधवरावांनीच खाली हात घालून चाचपलं आणि त्यांना झाकण सापडलं. तेव्हापासून ते आमच्याकडे उभ्यानेच चहा पितात.

* * *

रविवारी आम्ही विहारात वंदनेला जातो. सगळे सतरंजीवर मांडी घालून बसतात. मला मांडीही मना. म्हणून मी घरून प्लास्टिकची खुर्ची नेली आणि मागे, भिंतीला लावून बसलो.

वंदना संपली आणि सतरंजीवरून आवाज आला, "नोकरी लागली का जमीन टोचते लोकायले."

बोलणारा परका असता तर मनावर घेतलं नसतं. हा आमच्यातलाच, माझ्याच शाळेत शिकलेला, आता सेंट्रिंगचं काम करतो. मी त्याला शांतपणे सांगितलं, "डॉक्टरनं मना केलं बाबू."

"डॉक्टर बी नोकरीवालाच ना," तो म्हणाला.

मला लागलं ते. आमच्या बापजाद्यांना दुसऱ्यांच्या ओट्यावर बसायची सोय नव्हती, आणि मी खुर्चीवर बसलो तर आमच्याच माणसाला ते खुपलं. पुढच्या रविवारी जावं की नाही याचा मी विचार करत होतो. सुमनने मला ओढूनच नेलं. जाऊन पाहतो तर माझ्या जागेशेजारी आणखी दोन खुर्च्या. एकीवर बँकेतला क्लार्क, दुसरीवर पंचायतीचा सेक्रेटरी. दोघांचेही गुडघे त्याच आठवड्यात दुखायला लागले होते. त्याच्या पुढच्या रविवारी ठेकेदाराची कंबर धरली. महिन्याभरात सतरंजीवर बायका, पोरं आणि तो सेंट्रिंगवाला एवढेच उरले.

मग एका रविवारी तो उशिरा आला. बगलेत लाल खुर्ची होती. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "सर, जरा सरकता का?"

* * *

तीन महिने झाले. डॉक्टरांनी फोटो पाहिला, पाय वाकवून पाहिला आणि म्हणाले, "चालवा सायकल. फक्त पडू नका. आणि दांडीवरून पाय फिरवायचा नाही."

मी त्या आनंदात दुसऱ्या सकाळी ऑटो करून हॉटेलवर गेलो. दोघं चहा पीत होते. बातमी सांगितली तर माधवरावांनी कप खाली ठेवला. "दरखास्त नामंजूर. रस्त्यात काई झालं तं जिम्मेदारी कोनाची?"

"तू ऑटोनंच येत जा ना," दत्ता म्हणाला. "चाय तं प्याचीच हाय."

मी दोन-चार दिवस तसाच गेलो. ते घाम पुसत यायचे आणि मी इस्त्रीच्या शर्टात आधीच बसलेला असायचो, सोयरीक जमवायला आल्यासारखा. त्यातलं एक मात्र मला सहन होईना. आमच्या तिघांत कोणी कोणाशी नीट बोलत नाही. दत्ता मला 'काय बे' म्हणतो, मी त्याला त्याहून वाईट म्हणतो. आता ते माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागले होते. मी बोललो की मधे तोडत नव्हते. माझ्या फालतू विनोदालाही हसत होते. ऑपरेशनच्या टेबलावर मला भीती वाटली नव्हती, ती तिथे बाकड्यावर वाटली. या दोघांनी मला म्हाताऱ्यांत टाकलं होतं, आणि प्रेमाने टाकलं होतं.

* * *

दांडीवरून पाय फिरवायचा नाही, म्हणजे बिनदांडीची सायकल हवी. आदिलाबादच्या दुकानात मी माधवरावांना सोबत नेलं, ही चूक झाली. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए? बिटिया के लिए?"

"भाभी के लिए," माधवराव घाईघाईने म्हणाले.

"मेरे लिए," मी म्हणालो.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, मग माधवरावांकडे पाहिलं. माधवराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागले. "साब," दुकानदार म्हणाला, "इसमें सामने टोकरी आती है."

"अच्छा है. सब्जी रखूँगा."

"रंग भी गुलाबी और जामुनी, दो ही है."

मी जामुनी घेतली. आयुष्यात तेवढी मर्दानगी शिल्लक होती.

संध्याकाळी दत्ता सायकल पाहायला आला. बाजारात बैल बघावा तसा तिच्याभोवती फिरला. टोपलीत हात घालून पाहिला. शेवटी म्हणाला, "याच्यापरीस घरी बसनं बरं. दांडी नाही, काई नाही. मर्दाची सायकल वाटते का हे?"

सुमन ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, दांडी मर्द असते का मानूस?"

दत्ताने दोन शेंगा उचलल्या आणि खात खात घरी गेला.

* * *

सुमनला सायकल येत नाही. तरीही मला पुन्हा शिकवली तिनेच. शाळा सुटल्यावर ग्राउंडवर मी सीटवर बसायचो आणि ती पदर खोचून, कॅरियर धरून मागे पळायची. पायाला पॅडल सापडत होतं, पण मन पडायचं. हँडल इतकं थरथरायचं की टोपली वाजायची.

हातपंपावरच्या बायकांना रोजचा तमाशा झाला. एकीने विचारलंच, "सुमनबाई, मास्तरले आता शिकवून राह्यल्या का?"

"मंग काय करू?" सुमन धापा टाकत म्हणाली. "त्यायनं साऱ्या गावाले शिकवलं, त्यायलेच शिकवाचं राहून गेलं."

एक दिवस मी ग्राउंडला पूर्ण फेरी मारली आणि वळलो, तर सुमन लांब उभी होती. कॅरियर तिने कधी सोडलं ते मला कळलंच नव्हतं. मी तिच्याकडे जोरात पॅडल मारलं. ती खाली वाकली, मला वाटलं डोळे पुसते आहे. जवळ जाऊन म्हटलं, "सुमन, जमलं."

"तुमचं जमलं, माही चप्पल तुटली," ती म्हणाली. "उद्यापासून एकटे या."

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोणालाही न विचारता जामुनी सायकल घेऊन दत्ताच्या दारात उभा राहिलो. तो आणि माधवराव निघायच्या बेतात होते. एकमेकांकडे बघत राहिले, पण नाही म्हणायची हिंमत दोघांनाही झाली नाही.

निघालो. एरवी आमची शर्यत लागायची. त्या दिवशी दोघं माझ्या मागे, एक उजवीकडे, एक डावीकडे, लग्नातल्या नवरदेवाला नेतात तसे. दत्ता सारखा ओरडत होता, "खड्डा हाय. म्हैस हाय. थो ट्रॅक्टर येऊन राह्यला." माधवराव नुसते "आहिस्ता, आहिस्ता" म्हणत होते. मी चिडलो. "काऊन माघं माघं येऊन राह्यले बे?"

"पडला तं उचलाले कोनी पायजे ना," दत्ता म्हणाला.

हॉटेलवर पोचलो, चहा झाला, परत निघालो. दत्ताची नजर माझ्या डाव्या पायावरून हलत नव्हती. मला खड्डे दाखवता दाखवता त्याला स्वतःचा खड्डा दिसला नाही. ओढ्याच्या वळणावर धडाम आवाज आला. वळून पाहिलं तर दत्ता नालीत, सायकल त्याच्या अंगावर, पुढचं चाक पापडासारखं वाकलेलं.

आम्ही त्याला बाहेर काढलं. घोटा बघता बघता सुजला, पाय टेकवेना. त्या वेळी रस्त्याला ऑटो नाही. घरी फोन करायला तो तयार नाही, म्हणाला, माय बोंबलत येईन. माधवरावांच्या सायकलला कॅरियर नाही. कोणी लिफ्ट मागू नये म्हणून त्यांनी ते केव्हाच काढून टाकलं आहे. ते म्हणाले, "मी दोनी सायकली घेऊन माघून पायी येतो." आणि माझ्या कॅरियरकडे पाहायला लागले.

दत्ताही पाहायला लागला. मग उठला आणि सुजलेला पाय जपत, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, बायका बसतात तसा बसला. मी पॅडल मारलं. पहिल्या चार-पाच फेऱ्यांना हँडल डगमगलं, मग सायकल सरळ झाली. दत्ता चांगला जड आहे. खुबा काही बोलला नाही.

निम्म्या वाटेपर्यंत दत्ताही काही बोलला नाही. मग गावाची झाडं दिसायला लागली. मारुतीच्या पारावर सकाळी अर्धं गाव बसलेलं असतं. मागून आवाज आला, "मले पाराच्या अलीकडंच उतरव."

"काऊन?"

"लंगडत जातो मी."

"पाय टेकत नाही तुह्या. काऊन पन?"

त्याने मागून माझा शर्ट घट्ट धरला. मग अगदी हळू म्हणाला, "बायकायच्या सायकलवर, तुह्या माघं असा बसून... लोक काय म्हनतीन बे?"

पार जवळ आला तसा मी वेग कमी केला आणि घंटी वाजवली.