दुसऱ्या मजल्यावरची सोय

शाळेतली मावशी त्या खुर्चीतल्या पोरीचं प्यायचं पाणी मोरीत ओतून देते, ही बातमी पहिल्यांदा फुटली ती शिंपिणीच्या खिडकीतून. शिंपिणीचं मशीन शाळेच्या मागच्या अंगणाकडे तोंड करून बसलेलं. तिच्याकडे टाकलेले कपडे कधी वेळेवर मिळायचे नाहीत, पण बातमीला उशीर झाला असं एकदाही घडलं नाही. "रोज मधल्या सुट्टीत! भरलेली निळी बाटली, भडाभडा! या डोळ्यांनी पाहिलं," असं तिनं चार गिऱ्हाइकांना सांगितलं. चौथ्यापर्यंत पोचेस्तोवर मावशी पोरीला चिमटेही काढायला लागली होती.

मावशी म्हणजे शाळेतली मदतनीस. वय त्रेपन्न, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. 'सर्वांसाठी शाळा' असं नगरपालिकेचं धोरण आलं, चालता न येणाऱ्या मुलांसाठी मदतनिसाचं पद निघालं, आणि त्यावर ती लागली. तिच्या वाट्याला एकच मुलगी, अकरा वर्षांची. चाकाच्या खुर्चीतून अख्ख्या वर्गावर हुकूम सोडायची, म्हणून मावशी तिला राणीसरकार म्हणे.

"राणीसरकार, गणितात किती पडले?"

"तू आधी खुर्ची सरळ धर. मग चौकशा कर."

धोरणाप्रमाणे शाळेत सगळं झालं होतं. फाटकापाशी उतार होता, भिंतीवर हसऱ्या मुलांचं चित्र होतं, रुंद दाराचा, धरायला दांड्या लावलेला संडासही होता. फक्त तो दुसऱ्या मजल्यावर होता. टाकी वर, नळ वर, म्हणून ठेकेदाराला तिथंच सोपं पडलं. लिफ्ट 'प्रस्तावित' होती. खालच्या संडासात खुर्ची शिरत नव्हती, आत दोन माणसं मावत नव्हती, आणि राणीसरकारला एकटीला बसता येत नव्हतं.

पहिलं वर्षभर मावशी तिला पाठुंगळी घेऊन बेचाळीस पायऱ्या चढली. पोरगी वाढत होती, मावशी काही वाढत नव्हती. एक दिवस पंचविसाव्या पायरीवर मावशीच्या कमरेत कट्कन काहीतरी वाजलं. दोघी भिंतीला धरून तिथंच बसल्या, आणि जिथं वेळेत पोचायचं होतं तिथं पोचणं झालं नाही. मावशीनं आपल्या रुमालानं पायरी पुसली. कुणी पाहिलं नाही. राणीसरकारनं मात्र घरी जाईपर्यंत मांडीवरचं दप्तर हलवलं नाही.

कमरेला पट्टा बांधून मावशी शिक्षण कार्यालयात गेली.

"साहेब, संडास खाली पाहिजे."

"आहे की!" कारकुनानं फाइल उघडली. "सुगम स्वच्छतागृह, एक. पूर्ण."

"दुसऱ्या मजल्यावर आहे ते."

"नियमात 'प्रत्येक शाळेत एक' असं आहे, मावशी. मजला कुठं लिहिलाय?"

"मग पोरीला वर न्यायला तुम्ही येता का?"

शेजारची टेबलं हसली. कारकूनही हसला, माणूस वाईट नव्हता. त्यानं अर्ज घेतला, शिक्का मारला, पोच दिली. असे पाच अर्ज झाले. पाचही पोचा मावशीनं पिशवीत जपून ठेवल्या.

पोरीची आई दिवसभर दुकानात उभ्यानं काम करायची. संध्याकाळी आल्यावर निळी बाटली हलवून बघायची. रिकामी असली की तिला बरं वाटायचं. पण पोर तापानं फणफणली, लघवीला आग व्हायला लागली, आणि डॉक्टरनं विचारलं, "ही पाणी पीत नाही का?" तेव्हा शिंपिणीची बातमी तिला आठवली. ती तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरली. मावशीला बोलावणं गेलं.

"माझ्या लेकीचं पाणी ओतता तुम्ही?"

मावशीनं दाराबाहेर पाहिलं. खुर्चीतून राणीसरकार मान हलवत होती. सांगू नको. आईला खरं कळलं तर पोरीची शाळा बंद, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"ओतते," मावशी म्हणाली.

"का हो? काय वाकडं केलं होतं तिनं तुमचं?"

मावशीनं पाच पोचांची पिशवी पाठीमागे सारली.

मुलांच्या सुरक्षिततेचंही एक धोरण होतंच. ते मात्र तीन दिवसांत लागू झालं आणि मावशी घरी बसली. नवी मदतनीस आली, तरुण, कामाला चोख. आईनं बजावल्याप्रमाणे तिनं समोर बसून बाटली संपवून घेतली. दोन दिवस राणीसरकारनं दात आवळून काढले. तिसऱ्या दिवशी इतिहासाच्या तासाला खुर्चीखाली ओलं झालं. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं.

त्यानंतर ती शाळेत आली नाही. तीस दिवसांनी नियमाप्रमाणे नाव कमी झालं. खुर्चीतलं एकही मूल उरलं नाही, म्हणून मदतनिसाचं पद गेलं, आणि लिफ्टच्या प्रस्तावावर 'आवश्यकता नाही' असा शेरा पडला.

मावशी आता त्याच खिडकीत, शिंपिणीकडे काज-बटणं करते. शिंपीण अजूनही गिऱ्हाइकाच्या कानाला लागून सांगते, "हीच ती!" मावशी मान खाली घालून दोरा ओवते.

पाणी मावशीच ओतायची. ओत, असं मुलगीच सांगायची. संडास दुसऱ्या मजल्यावर होता.